डिजिटल एक्स-रे: अंगातून गेलेला किरण वाया जाऊ नये म्हणून

परवा आमच्या ठाण्यातल्या सेंटरवर कळव्याहून एक आजी आल्या होत्या, सोबत कॉलेजातली नात. छातीचा एक्स-रे काढायचा होता. आजी गळ्यातली पोत काढायला तयार होईनात, म्हणून ती वर ओढून दातांत धरायला सांगितली, हनुवटी स्टँडवर टेकवली, खांदे पुढे केले. "श्वास आत घ्या आजी... धरून ठेवा... सोडा." मी काचेमागून बाहेर येईपर्यंत फुप्फुसं मॉनिटरवर आलेली. नात म्हणाली, "काका, इतक्यात झालं? म्हणजे किरणंपण आता कमीच लागत असतील ना?"

हा प्रश्न मला आठवड्यातून दोनतीनदा तरी ऐकू येतो आणि दर वेळी घाईत अर्धवट उत्तर द्यावं लागतं. आज ते नीट देतो. खरं तर छातीवर किरण पडण्याचा काळ पूर्वीही सेकंदाच्या छोट्याशा तुकड्याइतकाच होता. वेळ जायचा तो नंतर, डार्करूममध्ये. त्यामुळे चित्र लवकर आलं म्हणून किरण कमी लागले, असं होत नाही. किरण कमी लागू शकतात हे खरं, पण त्याची कारणं वेगळी आहेत.

मी या कामाला लागलो तेव्हा सगळं फिल्मवर चालायचं. लाल दिव्याच्या खोलीत कॅसेट उघडायची, फिल्म स्टीलच्या हँगरला लावायची, डेव्हलपरच्या टाकीत सोडायची आणि चारपाच मिनिटं थांबायचं. अंधारात बरगड्या हळूहळू वर यायच्या. मग पाणी, मग आंबूस वासाचं फिक्सर, पुन्हा पाणी. मे महिन्यात डेव्हलपर तापायचं, तेव्हा बाहेरच्या पाण्यात बर्फाची पिशवी सोडायची. जुलैत फिल्म वाळायची नाही, पंख्याखाली टांगलेल्या फिल्मांची रांग लागायची. आणि एवढं करून फिल्म काळीकुट्ट किंवा पांढरीफटक निघाली, तर पेशंटला पुन्हा आत बोलवायचं. आम्ही त्याला 'रिपीट' म्हणायचो. त्या माणसाला किरण दोनदा बसले, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

विल्हेल्म राँटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या व्युर्झबर्गमध्ये हे किरण सापडले, आणि डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचं चित्र काढलं. मूळ कल्पना अजून तीच आहे. एका बाजूने किरण सोडायचे, शरीर मध्ये उभं करायचं, पलीकडे पडलेली सावली टिपायची. हाड जास्त किरण अडवतं, हवा भरलेलं फुप्फुस जवळपास अडवतच नाही. गेल्या सव्वाशे वर्षांत किरण तयार करणारी ट्यूब सुधारली, पण खरी धडपड सावली टिपणाऱ्या बाजूला झाली. कारण साधं आहे. पेशंटच्या अंगातून पार झालेला किरण आपण टिपलाच नाही, तर त्या पेशंटने तो फुकट सोसला. डिजिटल एक्स-रेमधला कुठलाही शोध समोर आला की मी त्याला हेच विचारतो: हा किरण वाचवतो की वाया घालवतो?

नुसती फिल्म या बाबतीत फार दुबळी होती. तिच्यावर पडलेल्या शंभर किरणांपैकी एकदोनच ती पकडायची, बाकीचे आरपार जायचे. त्यावर तोडगा १८९६ सालीच निघाला. थॉमस एडिसन यांनी एकामागून एक रसायनं तपासून कॅल्शियम टंगस्टेट निवडलं. त्यावर एक्स-रे पडले की ते निळसर चमकतं. त्याचा लेप दिलेल्या दोन पडद्यांच्या मध्ये फिल्म दाबून बसवली की ती एक्स-रेने कमी आणि त्या उजेडाने जास्त काळी होते. १९७० च्या दशकात दुर्मीळ मृदा धातूंचे पडदे आले आणि किरणांची गरज आणखी कमी झाली.

पण पडद्यात एक पेच होता. पडदा जाड केला तर जास्त किरण अडकतात, मात्र आत झालेला उजेड बाजूला पसरतो, जसा दुधाच्या पेल्यावर टॉर्च धरल्यावर पसरतो. केसाएवढी चीर पुसट होते. पडदा पातळ केला तर चित्र रेखीव येतं, पण किरण निसटतात आणि ते वाढवून द्यावे लागतात. हा पेच लक्षात ठेवा, तो पुढे कसा सुटला ते सांगतो.

त्याआधी दुसरी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. कमी किरण दिले की चित्रात दाणे का येतात? वळवाचे पहिले थेंब अंगणातल्या फरश्यांवर पडताना पाहा. एका फरशीवर तीन थेंब, शेजारच्या फरशीवर एकही नाही. पाऊस सगळीकडे सारखाच आहे, पण थेंब मोजके असल्यामुळे फरशा वेगवेगळ्या दिसतात. अर्ध्या तासाने सगळ्या सारख्याच ओल्या. एक्स-रेचे किरणही असेच थेंबाथेंबाने पडतात. एका ठिपक्यावर सरासरी १०० पडणार असतील तर त्यात १० चा चढउतार नैसर्गिकच, म्हणजे १० टक्के. १०,००० पडणार असतील तर चढउतार १०० चा, म्हणजे फक्त १ टक्का. सावल्यांमधला फरक या चढउतारापेक्षा बारीक असेल तर तो त्यात बुडून जातो, आणि हरवलेला तपशील कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. म्हणून आलेला प्रत्येक थेंब मोजला जाणं फार महत्त्वाचं.

डिजिटलची पहिली पायरी आम्ही 'सीआर' (कम्प्युटेड रेडिओग्राफी) म्हणतो ती. कोडॅकच्या जॉर्ज लकी यांनी १९७५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं आणि फुजीने १९८३ मध्ये तिचं यंत्र बाजारात आणलं. दिसायला कॅसेट जुनीच, पण आत फिल्मऐवजी एक प्लेट असते. तिच्यात बेरियमचा एक क्षार आणि चिमूटभर युरोपियम हा धातू असतो. किरण पडले की त्यांची थोडी ऊर्जा प्लेटमध्ये अडकून राहते, कोनाड्यात ठेवल्यासारखी. मग प्लेट रीडरमध्ये घालायची. आत लाल लेझर तिच्यावरून ओळीओळीने फिरतो आणि जिथे जेवढी ऊर्जा अडकली असेल तिथे तेवढा निळा उजेड बाहेर पडतो. तो उजेड मोजला की झाले आकडे. शेवटी प्लेटवर झगझगीत प्रकाश टाकून ती कोरी करतात आणि पुढच्या पेशंटला वापरतात.

ठाण्यातल्या लहान नर्सिंग होमना सीआरने मोठा आधार दिला. जुनं मशीन तसंच ठेवायचं, कॅसेट तेवढी बदलायची. डार्करूम बंद झाल्या. जुन्या फिल्म आणि वापरलेलं फिक्सर चांदीसाठी विकत घेणारे लोक यायचे, तेही यायचे थांबले. शिवाय सीआरची झेप मोठी आहे. फिल्मला झेपणारा किरणांचा टप्पा फार अरुंद असतो, तर प्लेट एकाला दहा हजार एवढ्या फरकातलं सगळं नोंदवते. थोडं कमीजास्त झालं तरी चित्र वाया जात नाही, रिपीट घटतात. मात्र किरण पकडण्यात सीआर फिल्मच्या पडद्यांपेक्षा फारशी पुढे नव्हती. दोन्हींची कार्यक्षमता, म्हणजे पडलेल्या किरणांतल्या माहितीपैकी चित्रात उतरणारा वाटा, साधारण पाव ते एक तृतीयांश. बाकीची माहिती गेली ती गेलीच.

मोठी उडी आली फ्लॅट पॅनलने, म्हणजे आमच्या भाषेत 'डीआर'ने (डिजिटल रेडिओग्राफी). मघाचा पेच इथे सुटला, आणि तो ज्या तऱ्हेने सुटला ते मला या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर काम वाटतं. सीझियम आयोडाइड नावाचं संयुग निर्वात पेटीत तापवून त्याची वाफ एका पत्र्यावर बसवली, की ते सपाट थरासारखं न बसता सुयांसारखं उभं वाढतं. प्रत्येक सुई काही मायक्रॉन जाडीची, म्हणजे केसापेक्षा कितीतरी बारीक, आणि उंची साधारण अर्धा मिलिमीटर. अगरबत्तीचा भरलेला पुडा उभा धरा, म्हणजे रचना डोळ्यांपुढे येईल. एक्स-रेचा किरण एखाद्या सुईत अडकला की तिथे उजेड होतो, पण सुईच्या भिंतीवर आपटून आपटून तो त्याच सुईतून खाली उतरतो. शेजारच्या सुईत फारसा जात नाही. त्यामुळे थर हवा तेवढा जाड ठेवा, किरण भरपूर अडकतात आणि चित्रही रेखीव राहतं.

सुयांच्या खाली असते काच, आणि तिच्यावर सिलिकॉनचा पातळ थर. हे तंत्र घरातल्या सपाट टीव्हीच्या पडद्याचंच आहे, फक्त उलट्या दिशेने चालणारं. टीव्हीत प्रत्येक ठिपक्याखालचा छोटा ट्रान्झिस्टर उजेड कमीजास्त करतो, इथे तो आलेल्या उजेडाची वीज साठवून मोजायला पाठवतो. आमच्या छातीच्या स्टँडमधलं पॅनल ४३ सेंटिमीटर लांब आणि तेवढंच रुंद. एक ठिपका सुमारे ०.१४ मिलिमीटरचा धरला तर असे ९० लाखांहून जास्त ठिपके. प्रत्येक ठिपका काळ्यापांढऱ्याच्या हजारो छटांपैकी कुठली ते आकड्यात सांगतो. अशा पॅनलची कार्यक्षमता ६० टक्क्यांच्या वर जाते. नातीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. पडदाफिल्मच्या मानाने निम्म्या किरणांत तेवढंच चांगलं चित्र मिळू शकतं. मिळू शकतं, असं मी मुद्दाम म्हणतोय.

स्तनांच्या तपासणीसाठी, म्हणजे मॅमोग्राफीसाठी, दुसरी वाट निघाली. तिथे कॅल्शियमचे मिठाच्या दाण्याहून बारीक ठिपके शोधायचे असतात, उजेडाचं थोडं पसरणंही चालत नाही. म्हणून अनेक यंत्रांत उजेडाचा टप्पाच वगळला. सेलेनियमच्या थरावर किरण पडला की थेट विद्युतभार सुटतो, आणि थराला लावलेला जबरदस्त व्होल्टेज त्याला सरळ खाली ओढून नेतो, बाजूला सरकायला वेळच देत नाही. जुन्या झेरॉक्स मशीनच्या ड्रमवर हेच सेलेनियम असायचं. छातीच्या जोरकस किरणांसाठी ते तितकं उपयोगी नाही, त्यातले बरेचसे त्याच्यातून निसटतात. अमेरिका आणि कॅनडात ४९,५२८ स्त्रियांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचा निकाल २००५ मध्ये आला. सगळ्या वयोगटांत मिळून फिल्म आणि डिजिटल मॅमोग्राफी बरोबरीच्या ठरल्या, पण पन्नाशीच्या आतल्या आणि दाट स्तनांच्या स्त्रियांमध्ये डिजिटल सरस ठरली. आपल्याकडे तरुण वयात गाठ घेऊन येणाऱ्या बायका पाहिल्या की या निकालाचं मोल कळतं.

पॅनल काही निर्दोष नसतं. ९० लाख ठिपक्यांत काही मेलेले असतात, काही जास्त उत्साही. म्हणून ठरलेल्या मुदतीने पॅनलची कॅलिब्रेशन करावी लागते. आधी किरण न सोडता एक रिकामं चित्र, मग मध्ये काहीही न ठेवता एकसारख्या किरणांचं एक. पहिलं वजा करायचं, दुसऱ्याने भागायचं, मेलेल्या ठिपक्याची जागा शेजाऱ्यांच्या सरासरीने भरायची. दिसायला किरकोळ काम, पण ते टाळलं की डाग येतात आणि डाग आले की रिपीट.

पुढचा बदल वॉर्डात जाणवला. पूर्वी पॅनलला जाड केबल असायची, कारण 'आता किरण सोडतोय' हे मशीनने पॅनलला सांगावं लागायचं. २००९ च्या सुमारास कॅसेटच्या मापाची बिनवायरची पॅनलं आली, आणि मग किरण आल्याचं स्वतःच ओळखणारी पॅनलं. हा शोध बातम्यांत येण्यासारखा नाही, पण जुन्या मशीनशी एक अक्षर न बोलता नवं पॅनल काम करू लागलं, ते यामुळेच. आयसीयूत सलाइन, व्हेंटिलेटर, मॉनिटरच्या वायरींच्या जंजाळात पेशंटच्या पाठीखाली तीनेक किलोचं पॅनल सरकवताना केबल नसणं ही केवढी सोय आहे, ते तिथल्या सिस्टरना विचारा. आतली काच फुटायची धास्ती मात्र कायम. आता काचेऐवजी लवचिक प्लास्टिकवर बांधलेली पॅनलंही येऊ लागली आहेत.

आयसीयूचा विषय निघालाच आहे, तर भरकटलेल्या किरणांचं सांगतो. शरीरात शिरलेले सगळे किरण सरळ जात नाहीत, बरेचसे आत आपटून वाट बदलतात. जाड पोटाच्या एक्स-रेत तर पलीकडे पोचणाऱ्यांत सरळ आलेल्यांपेक्षा भरकटलेलेच जास्त असतात. त्यांनी चित्रावर धुकं पसरतं, घोडबंदर रोडवर पावसाळी पहाटे पसरतं तसं. यावर गुस्ताव बकी यांनी १९१३ मध्ये ग्रिड काढली. शिशाच्या पातळ पट्ट्या उभ्या लावलेली जाळी, खिडकीच्या व्हेनिशियन पडद्यासारखी. सरळ येणारे किरण फटींतून जातात, तिरपे अडतात. आमच्या स्टँडला आम्ही अजून 'बकी'च म्हणतो.

पण ग्रिड काही सरळ किरणही खाते. तिच्यासाठी किरण दुपटीपासून पाचपटीपर्यंत वाढवावे लागतात. आणि पलंगावर कलंडलेल्या पेशंटखाली ग्रिड जरा तिरकी बसली तर एक फुप्फुस उगाच पांढरं दिसतं. तिथे आता सॉफ्टवेअरची ग्रिड मदतीला येते. ग्रिड न लावता चित्र घ्यायचं, शरीराची जाडी चित्रावरूनच ओळखून कुठे किती धुकं असेल याचा हिशेब मांडायचा आणि तेवढं वजा करायचं. वॉर्डातल्या छातीच्या एक्स-रेला मला हे मनापासून पटतं. खूप जाड शरीराला खरी ग्रिडच हवी, कारण धुकं वजा झालं तरी धुक्याने आणलेले दाणे मागे राहतात.

आता उरलेलं अर्धं उत्तर, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. फिल्मच्या काळात किरण जास्त झाले तर फिल्म काळी पडायची. चूक व्ह्यू बॉक्सवर, म्हणजे फिल्म पाहायच्या उजेडाच्या पेटीवर, सगळ्यांना दिसायची. डिजिटलमध्ये तसं होत नाही. किरण दुप्पट गेले तरी संगणक आकडे सावरून घेतो आणि चित्र छान दिसतं. उलट दाणे कमी झाल्यामुळे जास्तच छान दिसतं. कमी दिले तर मात्र दाणे येतात आणि डॉक्टरांचा फोन येतो. मग टेक्निशियनचा हात नकळत वर सरकत जातो. आज थोडं, महिन्याने आणखी थोडं. जे पॅनल निम्म्या किरणांत काम करू शकतं, त्याच्यावर फिल्मइतकेच किंवा जास्त किरण टाकले जातात, आणि हे पेशंटला कळायला कुठलाच मार्ग नसतो.

यावर उपाय म्हणून २००८ मध्ये एक आंतरराष्ट्रीय मानक आलं. पॅनलवर किती किरण पोचले याचा एक निर्देशांक, आणि ठरवलेल्या लक्ष्यापासून तो किती सरकला हे सांगणारा दुसरा आकडा. दुसरा वाचायला सोपा आहे. शून्य म्हणजे नेमकं, अधिक ३ म्हणजे दुप्पट, उणे ३ म्हणजे निम्मं. हा आकडा पेशंटच्या अंगाला बसलेला डोस सांगत नाही, पॅनलपर्यंत काय पोचलं ते सांगतो. तरीही हात वर सरकतोय हे पकडायला याच्यासारखं दुसरं साधन नाही. आकडा मॉनिटरच्या कोपऱ्यात असतो. पाहायचा ठरवला तर दिसतो.

आणि एक गोष्ट अशी आहे की तिला कुठलंही मशीन आळा घालत नाही. किरण सोडण्याआधी पेशंटच्या अंगावर उजेडाचा एक चौकोन पडतो, मधोमध फुली असलेला. जेवढ्या भागावर चौकोन, तेवढ्याच भागावर किरण. फिल्मवर चौकोन मोठा ठेवला तर तो तसाच उमटायचा. डिजिटलमध्ये नंतर कातरता येतं. पूर्वी मी काम करत होतो अशा एका ठिकाणी सहासात वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे निघताना मी पाहिला. चौकोन उघडा तो उघडाच, टेबलावर झुकलेल्या मुलाची मान आणि अर्धी छाती त्यात आलेली. मॉनिटरवर मनगट तेवढं कापून घेतलं, रिपोर्टला गेलं, चित्र सुबक होतं. आईने पाकीट घेतलं, थँक्यू म्हणाली आणि गेली. ते दृश्य माझ्या डोक्यातून जात नाही. चौकोन लहान करायला दोन गुंड्या फिरवाव्या लागतात, तीन सेकंदांचं काम.

घाबरून एक्स-रे टाळावा असं मात्र अजिबात नाही. छातीच्या एका साध्या एक्स-रेचा डोस ०.०२ मिलिसिव्हर्टच्या (अंगाला बसलेला डोस मोजायचं एकक) आसपास असतो. माती, हवा, अन्न, आकाश यांतून जगभरात माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात, म्हणजे हा हिशेब सुमारे तीन दिवसांचा झाला. पण आमच्याकडे दिवसाला कितीतरी माणसं येतात, त्यांत लहान मुलं असतात, आणि प्रत्येकाचे थोडे थोडे वाचवता येतात. मुंबईत अणुशक्तीनगरात अणुऊर्जा नियामक परिषदेचं कार्यालय आहे. देशातल्या प्रत्येक एक्स-रे मशीनला त्यांची परवानगी लागते. आमच्या छातीवरचा बॅजही दर तीन महिन्यांनी तपासायला जातो. आमच्या अंगावर किती पडलं ते तो सांगतो. पेशंटसाठी असा बॅज नसतो.

आता हातात धरण्याजोगं, बॅटरीवर चालणारं एक्स-रे मशीन वस्तीत नेऊन क्षयरोगाची तपासणी करता येते. एवढ्या लहान मशीनचा जोर बेताचाच, किरण मोजके. पॅनल तेवढं कसबी झालं म्हणूनच ते जमतं. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षांवरील लोकांच्या क्षयरोग चाळणीसाठी चित्र संगणकाकडून वाचून घ्यायला मान्यता दिली. त्यासाठी तपासलेल्या तीन सॉफ्टवेअरपैकी एक मुंबईच्या क्यूअर डॉट एआय या कंपनीचं होतं. भिवंडीच्या यंत्रमागांच्या गल्लीत रेडिओलॉजिस्ट रोज बसू शकत नाही, तिथे संशयित छाती वेगळी काढून देणारं यंत्र खूप मोलाचं आहे. निदान थुंकीच्या तपासणीनेच पक्कं होतं.

नातीला मी एवढं सगळं सांगितलं नाही, बाहेर रांग होती. तिला मॉनिटरजवळ बोलावलं आणि कोपऱ्यातला आकडा दाखवला. उणे ०.६. "म्हणजे लागायला हवेत त्याहून किंचित कमीच लागले," मी म्हटलं. तिने मोबाइलवर त्याचा फोटो काढला. आजी पोत सारखी करत विचारत होत्या, "छातीत कफ दिसतो का रे बाबा?"

"ते डॉक्टर सांगतील आजी. अर्ध्या तासात रिपोर्ट मिळेल, तोवर पंख्याखाली बसा."